तड्याच्या टोकाला भोक

लोखंडाला तडा गेला की तो पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला ड्रिलने गोल भोक पाडतात. पत्रा आधीच फाटत चाललेला, त्यातून आणखी धातू काढायचा, आणि त्यामुळे तो पत्रा जास्त टिकायचा! यामागचं गणित मला माहीत आहे. तरी प्रत्यक्ष होताना पाहिलं की मी दर वेळी थक्क होतो. जुन्या मोटारीची चासी दुरुस्त करण्याच्या कामात अशा उलट्या वाटणाऱ्या गोष्टी कितीतरी आहेत, आणि त्या तळहाताएवढ्या जागेत बघायच्या तर माउंटिंगपाशी बघाव्यात. माउंटिंग म्हणजे चासीवरची ती जागा, जिथे इंजिन, बॉडी, स्प्रिंगचे पाटे किंवा स्टिअरिंगचा डबा बोल्टाने नाहीतर रिव्हेटांनी बसवलेला असतो. मोटारीचा सगळा भार अशा मोजक्या जागांतूनच एका भागातून दुसऱ्या भागात जातो. त्याला दुसरी वाटच नसते.

हे हैदराबादच्या मलकपेठेतून सांगायला कारण आहे. काचीगुड्याहून फलकनुम्याकडे निघालं की पुढचंच स्टेशन मलकपेठ. मनमाड, औरंगाबाद, परभणीकडून हैदराबादेत उतरणाऱ्या मराठी माणसांना काचीगुडा पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा, आणि मलकपेठ तिथून हाकेच्या अंतरावर. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८६ मध्ये मौला अलीच्या घोड्यांच्या शर्यती इथे आणल्या, आपल्या वाड्याजवळ असाव्यात म्हणून. तो वाडा म्हणजे महबूब मॅन्शन. पुढे त्याच्या आवारात बाजार समिती आली आणि कांद्या-मिरचीची पोती उतरू लागली. याच महबूब अली खानांसाठी रोल्स रॉइसची एक सिल्व्हर घोस्ट मागवली गेली होती. पिवळाधमक रंग, आणि मागे सिंहासनासारखं उंच आसन. १९११ मध्ये निजाम वारले. १९१२ सालची ती गाडी त्यांचे चिरंजीव, सातवे निजाम उस्मान अली खान यांच्याकडे आली आणि समारंभापुरतीच बाहेर निघत राहिली. आज ती चौमहल्ला राजवाड्यात बघायला मिळते.

तिथे येणारे लोक रंग पाहतात, नक्षी पाहतात. मला त्या गाडीच्या पोटाखाली काय आहे याची ओढ जास्त. त्या काळी रोल्स रॉइस फक्त इंजिन, चाकं आणि चासी विकत असे. बॉडी दुसरा कारखाना करी, या गाडीची लंडनच्या बार्करने केली. म्हणजे डर्बीत घडलेली पोलादी चौकट आणि लंडनच्या सुतार-पत्रेवाल्यांनी घडवलेला रथ यांची गाठ पडली ती थोड्याशा बोल्टांवर. चौकट दाबून वळवलेल्या पोलादी चॅनेलची, आडवे तुकडे रिव्हेटांनी जोडलेले. अशी चौकट किती सोसते याचा पुरावा आपल्याकडेच आहे. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची मोठी चाचणी झाली, घाटांमागून घाट चढण्या-उतरण्याची. तिच्यात ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स रॉइस उतरली होती, आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. तेव्हाचे घाटरस्ते खडीचे आणि मातीचे. त्या रस्त्यांवरचा प्रत्येक धक्का शेवटी कुठल्या ना कुठल्या माउंटिंगच्या भोकाशी जाऊन थांबत होता.

राजवाड्यातल्या गाडीखाली आडवं व्हायला कोणी देणार नाही. मलकपेठेच्या एका गल्लीतल्या गॅरेजात मात्र उंच बॉनेटची एक जुनी महिंद्रा जीप, सीजे-३बी, चार लाकडी ओंडक्यांवर चढवलेली होती, आणि तिथल्या उस्तादांनी मला खुशाल खाली घुसू दिलं. जीप हा या विषयाचा उत्तम नमुना, कारण तिची चासी उघडी असते. दोन लांब पोलादी रूळ, मध्ये आडव्या पट्ट्या, बस्स. तिच्या कुळाचा एक धागाही हैदराबादेतून जातो. १९४५ मध्ये सुरू झालेल्या ‘महिंद्रा अँड महम्मद’ या कंपनीतले महम्मद म्हणजे मलिक गुलाम महम्मद. त्यांनी निजामाच्या सरकारात अर्थखातं सांभाळलं होतं. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि इकडे कंपनीचं नाव १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झालं. कंपनीचा मूळ धंदा पोलादाच्या व्यापाराचा. विलिस जीप मुंबईत जोडण्याचं काम या व्यापारानंतर आलं.

या जीपचा तडा मागच्या डाव्या पाट्याच्या पुढच्या हँगरपाशी, म्हणजे पाट्याचं टोक चासीला धरून ठेवणाऱ्या कंसापाशी होता. ही जागा नीट समजून घेण्यासारखी आहे. पाट्याचं मागचं टोक शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर झुलतं, कारण भार आला की पाटा सपाट होऊन लांबतो आणि त्याला सरकायला जागा लागते. पुढचं टोक मात्र एका जाड पिनेवर घट्ट धरलेलं असतं. आता गाडी पुढे जाते कशी ते बघा. इंजिन चाक फिरवतं, चाक रस्त्याला मागे रेटतं, रस्ता चाकाला पुढे रेटतो. तो रेटा ॲक्सलमधून पाट्यात, पाट्यातून त्या पिनेत, पिनेतून हँगरमध्ये आणि हँगरच्या रिव्हेटांतून चासीत. सामानासकट टनभराहून जड जीप पुढे जाते ती मागच्या दोन पिनांनी ढकलल्यामुळे! मागची चाकं ब्रेक धरतात तेव्हा तोच रेटा उलट दिशेने. मला ही साखळी पहिल्यांदा कळली तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक जीपकडे, प्रत्येक मालट्रककडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

उस्तादांनी बॅटरीच्या तारा सोडल्या, पेट्रोलची टाकी आणि नळी काढून बाहेर नेऊन ठेवली आणि मग तारेच्या ब्रशने हँगरभोवतीचा चिखल, ग्रीस, जुना रंग घासून काढला. तडा एका रिव्हेटच्या भोकातून निघून खालच्या कडेपर्यंत गेला होता आणि दुसरीकडे उभ्या भिंतीत वर चढला होता. कडेजवळ तो सहज दिसत होता, पण वरच्या बाजूला कुठे संपतो ते दिसेना. तेव्हा त्यांनी रॉकेलात बुडवलेला बोळा त्यावर फिरवला, थोडा वेळ थांबले, पत्रा कोरडा पुसला आणि वरून खडूची पूड चोळली. काही क्षणांत त्या पांढऱ्या पुडीवर एक बारीक काळपट रेघ उमटली, डोळ्यांना दिसत होती त्याहून बोटभर पुढे गेलेली. चीर जितकी अरुंद तितकं ती तेल जास्त जोराने आत ओढते, आणि खडू ते पुन्हा बाहेर खेचून घेतो. रेल्वेच्या कारखान्यांत आसांचे तडे याच रीतीने शोधत. आज डब्यात मिळणारा लाल रंग आणि पांढरा फवारा हे त्याचंच सुधारलेलं रूप.

“ये आज का नै है साब,” तड्याची फाकलेली कड दाखवत उस्ताद म्हणाले, “ये काला पडा सो पुराना, चमकता सो कल-परसों का.” या एका वाक्यात धातूच्या थकव्याचं सगळं शास्त्र आहे. एकाच फटक्यात तुटलेल्या पोलादाचं तोंड सगळीकडे सारखं दिसतं. थकून तुटलेलं पोलाद आपला इतिहास दाखवतं. आतली जुनी बाजू गंजाने काळवंडलेली, त्यावर कधी कधी एकामागून एक सरकत गेलेल्या रेषा, आणि अगदी शेवटी ताजा, चकाकता भाग.

हा थकवा माणसाला रेल्वेने शिकवला. १८४२ मध्ये पॅरिसजवळ व्हर्सायहून परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि कित्येक माणसं दगावली. आस तर पुरेसा जाड होता आणि त्याच्यावर ठरल्यापेक्षा जास्त वजन कधी आलंच नव्हतं. मग तो मोडला का? प्रशियाच्या रेल्वेतले ऑगस्ट व्होलर यांनी पुढे वर्षानुवर्षं आस फिरवून, वाकवून, मोजून उत्तर काढलं. एका खेपेला धातू जे वजन लीलया झेलतो, तेच लाखो खेपा आलं तर तो फाटतो. आपल्या जीपचा हिशेब करा. रस्त्यावर दर १० मीटरला एक लहानसा धक्का धरला, तरी १०,००० किलोमीटरमध्ये त्या पिनेवर १० लाख धक्के बसतात. मीटरवर १०,००० किलोमीटर म्हणजे जीपच्या आयुष्यातला किरकोळ काळ. पोलादाची मोठी देणगी अशी की ताण एका मर्यादेखाली राहिला तर ते हे लाखो धक्के सोसूनही थकत नाही. चांगली चासी घडवणारा आणि चांगली दुरुस्त करणारा, दोघेही त्या मर्यादेच्या आत राहण्यासाठी झटत असतात.

मग तडा भोकापाशीच का सुरू झाला? ताणलेल्या पट्टीत आपण समजतो की जोर सगळीकडे सारखा वाटला जातो. पण मध्ये गोल भोक असेल तर जोराला त्याला वळसा घालून जावं लागतं, आणि भोकाच्या दोन्ही कडांना गर्दी होते. जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्ये गणित करून दाखवलं की मोठ्या पत्र्यातल्या गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक मोठं असो वा लहान, तिप्पटच! १९१३ मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी, जहाजांच्या पत्र्यांना तडे का जातात याचा विचार करताना, पुढचं पाऊल टाकलं. भोक गोल न राहता लांबट, टोकदार होत गेलं तर टोकाचा ताण वाढतच जातो. शिंपी कापडाच्या काठाला कात्रीने इवलासा छेद देतो आणि मग ते हातानेच सरळ फाडतो, ते याच जोरावर. तडा म्हणजे अतिशय टोकदार भोक. १० मिलिमीटर खोल गेलेला आणि टोकाशी एक दशांश मिलिमीटर गोलाई असलेला तडा धरला, तर इंग्लिस यांच्या सूत्राने टोकाशी ताण सुमारे एकवीस पट येतो. आता त्याच टोकावर ६ मिलिमीटरचं ड्रिल चालवा. टोकाची गोलाई ३ मिलिमीटर झाली, आणि एकवीस पटीचा ताण सुमारे पाच पटीवर आला. धातू कमी झाला, आणि पत्रा वाचला.

उस्तादांना इंग्लिस हे नाव माहीत असण्याचं कारण नाही. पण त्यांनी भोक खडूच्या रेघेच्या शेवटावर न पाडता तिच्या किंचित पुढे पाडलं, कारण खडू दाखवतो त्याच्याही पुढे तड्याचं अदृश्य टोक असतं. हे मला कुठल्या पुस्तकाने इतक्या नेमकेपणाने शिकवलं नव्हतं.

जिथे वेल्डिंग चालत नाही तिथे असं भोक तसंच ठेवतात. चासीवर ते मधला टप्पा असतं, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा फुगतो आणि आकसतो, आणि टोक मोकळं राहिलं तर त्या ओढाताणीत तडा डोळ्यांदेखत पुढे पळतो. भोक त्याला अडवून धरतं. मग ग्राइंडरने तडा मुळापर्यंत उकरून व्हीच्या आकाराची खाच करायची, म्हणजे वितळलेला धातू तळापर्यंत पोचेल, आणि खाच भरता भरता भोकही भरून घ्यायचं. वरवर टाका घातला तर आतला तडा झाकला जातो आणि काही महिन्यांत पुन्हा वर येतो.

याच्याही आधी मापं घ्यावी लागतात. हँगर बोटभर जरी सरकून बसला तरी मागचा ॲक्सल तिरका होतो आणि जीप आयुष्यभर एका बाजूला तोंड करून चालते. उस्तादांनी चासीवरच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि मग त्या खुणांमध्ये कर्णरेषा मोजल्या, पुढचा डावा ते मागचा उजवा आणि उलट. दोन्ही कर्ण सारखे तर चौकट काटकोनात. गवंडी घराचा पाया याच रीतीने तपासतो. जमीन थोडी उंचसखल असली तरी फारसं बिघडत नाही, कारण ओळंबा माप खाली उतरवतो ते सरळच. ही माझी फार आवडती क्लृप्ती आहे. दोरी, वजन आणि खडू यांच्या जोरावर काही मिलिमीटरपर्यंतची चूक पकडता येते.

वेल्डिंग त्यांनी बोटाच्या पेरभर लांबीच्या तुकड्यांत केलं. एक टाका इथे, दुसरा दूर तिथे, मध्ये थांबून हात जवळ नेऊन उष्णता बघायची. एका दमात सगळी खाच भरली असती तर थंड होताना आकसणाऱ्या धातूने चासीचा रूळ आपल्याकडे ओढून वाकवला असता. पाणी ओतून घाईने थंड करणंही वर्ज्य, त्याने सांध्याशेजारचा धातू ठिसूळ होऊ शकतो. वेल्डिंगच्या टाक्याहून त्याच्या शेजारचा, तापून निवलेला पट्टाच बहुतेकदा अशक्त असतो. म्हणून फुगीर टाका अभिमानाने ठेवून देण्यापेक्षा तो घासून सपाट करावा, आणि घासण्याचे ओरखडे भाराच्या दिशेनेच जावेत, आडवे नकोत. एका आडव्या ओरखड्यातूनही नवा तडा सुरू होऊ शकतो.

आता जाड पट्टीचा मोह. तुटलं आहे ना, मग त्यावर दुप्पट जाडीची चौकोनी पट्टी ठोकली की काम झालं, असं वाटतं. आणि नेमकं तिथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात. चासी ताठ नसते. खडबडीत रस्त्यावर ती पिळवटते, वाकते, पुन्हा सरळ होते आणि तिने तसं व्हायलाच हवं. जाड पट्टी लावलेला भाग वाकत नाही, मग सगळं वाकणं पट्टी संपते त्या रेषेवर गोळा होतं आणि वर्षभरात त्या रेषेवर नवा तडा येतो. म्हणून पट्टी मूळ पत्र्याच्याच जाडीची, आणि तिची टोकं उभी कापण्याऐवजी तिरकी, निमुळती. म्हणजे ताठरपणा हळूहळू वाढतो आणि हळूहळू उतरतो. उस्तादांची पट्टी काटकोनात वळवलेली होती, उभ्या भिंतीला आणि खालच्या पट्ट्याला दोन्हीकडे चिकटणारी, पण खालच्या पट्ट्याच्या काठावर त्यांनी आडवा टाका घातलाच नाही.

त्याचं कारण जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीच्या प्रश्नात आहे. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात भिंतीत रोवलेली तुळई कशी मोडेल याचा विचार केला. त्याचं उत्तर पुरतं बरोबर नव्हतं, पण त्या प्रश्नातून पुढे कळलं की वाकणाऱ्या तुळईत वरचा काठ ताणला जात असेल तर खालचा दाबला जातो, किंवा उलट, आणि मधोमध अशी एक पातळी असते जिथे वाकण्याचा ताण शून्य. चासीचा रूळ म्हणजे तुळईच. सगळा जोर वरच्या-खालच्या काठांवर आणि मधली भिंत तुलनेने निवांत. म्हणूनच मालट्रकांवर बॉडी बांधणाऱ्यांना कारखान्यांची सक्त सूचना असते की भोक पाडायचं तर भिंतीत पाडा, काठाच्या पट्ट्यात नको.

हँगर परत बसवताना जुन्या रिव्हेटांच्या जागी उस्तादांनी भोकं एकसारखी गोल करून घेतली आणि त्यात घट्ट बसणारे उच्च दर्जाचे बोल्ट घातले. गरम रिव्हेट थंड होताना आकसतो आणि दोन पत्रे एकमेकांवर आवळतो. बोल्ट तेच काम पान्याच्या जोराने करतो. १२ मिलिमीटरचा, ८.८ दर्जाचा बोल्ट नीट आवळला की तो दोन पत्रे सुमारे साडेतीन टनांच्या जोराने एकमेकांवर दाबतो. भार मग मुख्यतः पत्र्यांच्या घर्षणातून जातो, बोल्ट आडवा कापला जाण्याची वेळच येत नाही. करंगळीएवढ्या जाडीच्या दांड्यात साडेतीन टन! तोच बोल्ट थोडा सैल झाला की पत्रे एकमेकांवर सरकू लागतात, भोक लांबट होतं, प्रत्येक खड्ड्याला आत हातोडा बसतो, फटीत पाणी शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो दोन पत्र्यांना आतून ढकलत फाकवतो. माउंटिंग मरतं ते बहुधा असंच. सैल बोल्टापासून सुरुवात, तडा सगळ्यात शेवटी. चासीचा भाग बंद पेटीसारखा असेल तर बोल्टाभोवती आत पोलादी नळी बसवावी लागते, नाहीतर आवळताना पेटीच्या भिंतीच दबतात आणि बोल्ट कधीच खरा घट्ट होत नाही.

शेवटी उघड्या धातूवर जस्ताचा प्रायमर, त्यावर काळा रंग, आणि पट्टीच्या मागच्या पोकळीत पातळ मेण. काम संपल्यावर चासी आधी होती तशीच दिसत होती. माझ्या मते चांगल्या दुरुस्तीची हीच पावती.

या दिसण्याला आता कायदेशीर अर्थही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. अशा गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची असते, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. चासी बदलून टाकली की गाडीची ओळखच गेली, कारण तिचा नंबर चासीवरच ठोकलेला असतो. म्हणून तडा भरून तीच चासी राखणं हे पैशांच्या बचतीपलीकडचं काम आहे.

तुमच्या गावी गोठ्याशेजारी किंवा वाड्याच्या मागे आजोबांच्या वेळची जीप उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा तिच्याखाली आडवे व्हा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही जाऊ नका, खाली ओंडके किंवा स्टँड हवेतच. चारही पाट्यांचे हँगर, स्टिअरिंगच्या डब्याभोवतीची जागा आणि इंजिनाचे पाय घासून स्वच्छ करा, रॉकेल मिळत नसेल तर डिझेल लावा, पुसा, खडू चोळा आणि थोडा वेळ थांबा. रेघ उमटली तर चासीच्या कामात मुरलेला वेल्डर शोधा, तो पट्टीची टोकं तिरकी कापतो की सरळ ते विचारा, आणि चासीच्या नंबरावर कोणालाही ग्राइंडर फिरवू देऊ नका.